आवाज बंद करायचा, की पंखा बदलायचा?

वैशाखात दौंडला भाचीकडे गेले होते. शिरूरहून न्हावरे, चौफुला करत एसटीने दौंड गाठायचं म्हणजे उन्हाने जीव नकोसा होतो. कधी एकदा पंख्याखाली टेकते, असं झालं होतं. पायरीवर पाय ठेवला आणि आतून एक विचित्र आवाज आला. आधी घर्रर्र, मध्येच मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं चींऽऽ, की पुन्हा घर्रर्र. मला वाटलं, मिक्सरमध्ये चमचा अडकलाय! भाचीच्या सासूबाई दारातच होत्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "या ताई, या. हे आमचं रोजचं भजन. सकाळी दहाला सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत."

भजन चाललं होतं ते भाचीच्या टेबलावरच्या सीआरओचं.

मैत्रिणींनो, सीआरओ हे नाव तुमच्यातल्या पुष्कळजणींनी ऐकलं नसेल. मी स्वतः आर्ट्‌सवाली, बी.ए.ला मराठी घेतलेली. मलाही भाचीमुळेच कळलं. मोठं नाव ऑसिलोस्कोप. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी टीव्हीसारखा डबा असतो ना, ज्यावर हृदयाच्या ठोक्यांची रेघ वरखाली धावते, तसाच हा विजेच्या उपकरणांसाठीचा डबा. एखादं इन्व्हर्टरचं कार्ड बिघडलं, तर त्यातली वीज कुठे नीट वाहतेय, कुठे अडखळतेय, हे सीआरओच्या पडद्यावर रेघेच्या रूपात दिसतं. मल्टिमीटर आकडा सांगतो, सीआरओ विजेचा चेहरा दाखवतो, असं भाची म्हणते.

ही माझ्या बहिणीची मुलगी. शिरूरला माझ्याकडे राहून आयटीआयला गेली. 'मुलीला शिवणकाम लावा, ब्युटी पार्लर लावा' असं सगळे सांगत असताना तिने इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड निवडला. मग काही दिवस रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम केलं. शिरूर तालुक्यातल्या या वसाहतीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन बनवणारे मोठाले कारखाने आहेत. सकाळच्या कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या मुली आमच्याकडे आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. पुढे लग्न झालं, दौंड सासर मिळालं, वर्षा-दीड वर्षात बाळ झालं. तान्ह्या लेकराला ठेवून शिफ्टला जाणं जमेना. तेव्हा तिने घरातल्याच एका कोपऱ्यात टेबल मांडलं आणि दुरुस्तीची कामं घ्यायला लागली. इन्व्हर्टरची कार्डं, इंडक्शन शेगड्या, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरची इलेक्ट्रॉनिक कार्डं. पुण्याला पाठवायचं म्हटलं तर चार-आठ दिवस जाणारी कामं ही दुसऱ्या दिवशी करून देऊ लागली.

सीआरओ तिने बचत गटाकडून कर्ज काढून घेतला. नवा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून पुण्यातून सेकंडहँड. जुन्या पद्धतीचा, काचेच्या जड पिक्चर ट्यूबचा. घरी आणला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. आणि मी काय केलं? संक्रांतीला गेले तेव्हा त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणून नेलं. पांढऱ्या दोऱ्याचं, कडेला गुलाबी फुलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर यायचंच आहे.

तर आवाज. त्या डब्याच्या मागच्या बाजूला एक लहानसा पंखा असतो. तळहाताएवढा, प्लास्टिकच्या पात्यांचा. आतली उष्णता बाहेर फेकणं एवढंच त्याचं काम. तो खराब झाला होता, तोच ओरडत होता. भाचीला ते माहीत होतं. पण हातातली कामं संपत नव्हती, पंख्यासाठी पुण्याला जायला सवड नव्हती आणि 'आज चालतंय ना, मग उद्या बघू' हे आपलं सगळ्यांचंच.

एक मात्र आधीच सांगते. घरच्यांची तक्रार खोटी नव्हती. अशा गोष्टी सांगताना सासूला खाष्ट आणि नवऱ्याला दुष्ट ठरवायची आपल्याला सवय झालीय. इथे तसं काही नव्हतं. घर दोन खोल्यांचं. जावई कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपायचं, तर भिंतीपलीकडे ही घरघर. सासूबाईंना अर्धशिशीचा त्रास. बाळ दचकून उठायचं. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ते नियम काही घरातल्या यंत्राला लावायचे नसतात. पण सततचा आवाज माणसाला किती पोखरतो हे सरकारलाही मान्य आहे, एवढं तरी त्यावरून कळतं. सासूबाई मला म्हणाल्या, "तिच्या कामाला माझा विरोध नाही हो. पण हे डबडं माझ्या डोक्यात चालतं." मला त्यांचं पटलं.

त्या दिवशी जेवताना बराच खल झाला. कुणी म्हणालं, टेबल माळ्यावर हलवा. कुणी म्हणालं, डबडं विकून टाका. मी आपली शहाणपणाने म्हणाले, "अगं, थोडं तेल सोड की त्यात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले.

चार दिवसांनी भाचीचा फोन. "मावशी, आवाज गेला बघ!" मी विचारलं, "पंखा बदललास?" तर म्हणाली, "नाही गं. ह्यांनी मागचं झाकण खोलून पंख्याची वायरच काढून ठेवली. म्हणाले, जरा दिवस चालव असंच. सगळे शांत झोपताहेत."

मीही खूश झाले. घरात शांतता, काम चालू, आणखी काय हवं? बिनखर्चाचा उपाय!

तो उपाय पंधरा दिवस टिकला.

आधी रेघ हलायला लागली. सीआरओच्या पडद्यावर जी रेघ मध्यभागी स्थिर राहायला हवी, ती तास-दीड तासाने हळूहळू खाली सरकायची. भाची ती बटणाने वर आणायची, ती परत सरकायची. मग एकदा मापच चुकलं. एका गिऱ्हाईकाच्या इन्व्हर्टर कार्डातला चांगला भाग तिने बिघडलेला समजून बदलला आणि खरा दोष तसाच राहिला. कार्ड चार दिवसांत परत आलं. गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, "बायकांच्या हाती असली कामं द्यायलाच नकोत." पुरुष मेकॅनिकचं काम परत आलं, तर आपण म्हणतो, 'त्याने चुना लावला'. बाईचं परत आलं, तर सगळ्या बायकांचं आलं! भाची दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सीआरओतून जळकट वास आला आणि पडदा काळा झाला.

पंखा गेला होता शे-दोनशे रुपयांचा, आणि त्याला गप्प केल्यामुळे जवळजवळ गेलं होतं काय? कर्जाचे हप्ते चालू असलेलं यंत्र, चार गावांत जमवलेलं नाव आणि पोरीची उमेद.

हे असं का झालं, ते मी तिच्याकडून समजून घेतलं. तुम्हालाही सांगते, कारण हे फक्त सीआरओचं नाही. विजेवर चालणारं कुठलंही यंत्र थोडी वीज कामाला लावतं आणि थोडीची उष्णता करतं. ती उष्णता डब्यात कोंडली की आतले भाग झिजायला लागतात. त्यांतले सर्वांत नाजूक म्हणजे कपॅसिटर. ती लहान नळकांड्यांसारखी दिसतात आणि त्यांच्या आत द्रव असतो. या धंद्यातला एक ढोबळ हिशोब आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. वीस अंशांनी वाढलं तर पाव. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी पार होते, तिथे बंद डब्यात काय होत असेल?

त्यात मोजमापाच्या यंत्राचं आणखी एक आहे. आपण भाकरी टाकण्याआधी तवा तापू देतो आणि मग आच एकसारखी ठेवतो. आच कमीजास्त झाली की एक भाकरी कच्ची, दुसरी करपलेली. मोजायच्या यंत्राचंही तसंच. सुरू केल्यावर वीस-तीस मिनिटं ते तापू द्यायचं आणि मग आतलं तापमान एकसारखं राहिलं, तरच त्याचं माप खरं. ते एकसारखं ठेवतो तो हा पंखा. म्हणजे पंखा बंद पडला की यंत्र आधी बंद पडत नाही. आधी ते खोटं बोलायला लागतं, आणि तेच जास्त वाईट. बंद पडलेल्या काट्यावर कुणी भाजी तोलत नाही. खोट्या काट्यावर मात्र महिनोन्‌महिने तोललं जातं.

जूनमध्ये मी परत गेले तेव्हा भाचीने डबा खोलायला घेतला होता. खोलण्याआधी प्लग काढून तो दिवसभर तसाच ठेवला होता. मी विचारलं, "आता कशाला थांबतेस?" म्हणाली, "मावशी, ह्या जुन्या ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते. थांबायचं, मग तपासायचं, मगच हात घालायचा. ज्याला ठाऊक नाही त्याने हे झाकण उघडूच नये." जावईबापू शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला! महिन्यापूर्वी आपण कशात हात घातला होता, हे त्यांना तेव्हा उमगलं.

मागची बाजू उघडली आणि आतून काय निघावं? धुळीचा जाड थर. पंख्याच्या पात्यांवर, जाळीवर, सगळीकडे. उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र जाणाऱ्या रस्त्यावरचं घर, धूळ येणारच. पण जाळीवर धुळीच्या जोडीला पांढरे आणि गुलाबी धागे होते. ते होते माझे. माझ्या क्रोशाच्या झाकणाचे! भाची काम करताना ते झाकण पुढून वर सारायची, ते मागे पंख्याच्या जाळीवर लोंबायचं. हवा आत-बाहेर व्हायचा रस्ताच मी विणकामाने बंद केला होता. इतके दिवस घरातले सगळे पंख्याला दोष देत होते आणि त्याचा गळा मावशीने प्रेमाने आवळला होता.

खरं सांगते, मान खाली गेली. आपल्या आयाबायांनी रेडिओला झाकणं केली, टीव्हीला फ्रिलचे पडदे केले, फ्रिजवर, मिक्सरवर, मशीनवर, सगळ्यांवर काहीतरी पांघरलं. धूळ बसू नये हा हेतू. पण चालू यंत्राला झाकून ठेवणं म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या तोंडावर रुमाल बांधणं. झाकण घालायचं ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावर. आणि सुरू करताना पूर्ण काढून बाजूला ठेवायचं, नुसतं वर सारायचं नाही.

पंख्याकडे वळू. भाचीने तो हातात घेऊन दाखवला. पात्यांचा आस ज्या भागात फिरतो त्याला बेअरिंग म्हणतात. स्वस्तातल्या पंख्यात ते साधं, नळीसारखं असतं, तेलावर चालणारं. उष्णतेने तेल सुकतं, धूळ आत जाते, आस डुगडुगायला लागतो आणि घरघर सुरू होते. मी म्हणाले, "म्हणून तर तुला तेल सांगितलं होतं!" ती हसली. "तेलाचा थेंब सोडला की चार दिवस बरं वाटतं, मावशी. पण झिजलेलं भरून येत नाही. आणि लोक काय, खोबरेल घालतात. ते धूळ धरतं, घट्ट होतं आणि पंखा कायमचा बसतो." मी खोबरेलच म्हणणार होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नवा पंखा आणायला आम्ही दोघी पुण्याला गेलो. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं दाटीवाटीने असलेली गल्ली. आपण लग्नाच्या बस्त्याला लक्ष्मी रोडला जातो, तशी ही मंडळी इथे येतात. भाचीने जुना पंखा पिशवीत सोबत घेतला होता. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "काय हवंय मावशी?" मी भाचीकडे बोट दाखवलं. तो पुन्हा माझ्याचकडे बघून म्हणाला, "भाऊंना पाठवा ना, नीट सांगतील ते." भाचीने काही न बोलता पंखा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ऐंशी मिलिमीटर, पंचवीस जाडी, बारा व्होल्ट डीसी, बॉल बेअरिंग दाखवा." त्यानंतर दुकानदार तिच्याशीच बोलला.

आधी त्याने एक पंखा काढला. कॉम्प्युटरमध्ये घालतात तो, अगदी बिनआवाजाचा. आम्हाला हवा तसाच! आकार तोच, भोकं त्याच जागी, व्होल्टही तेच. मी म्हणाले, "घे की!" भाचीने दोन्हींवरची चिठ्ठी वाचली. जुन्यावर ०.२२ अँपिअर लिहिलेलं, नव्यावर ०.०८. म्हणाली, "मावशी, हा गप्प आहे कारण हा कामच कमी करतो. सावकाश फिरतो, हवा कमी फेकतो." तरी स्वस्त होता म्हणून दोन्ही घेतले, तो आणि एक बॉल बेअरिंगचा, जुन्याइतकीच हवा फेकणारा. दुसऱ्याला साडेतीनशे पडले.

घरी आल्यावर तिने फुगलेले कपॅसिटर बदलले, धूळ साफ केली. ब्रश फिरवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली होती. हवेच्या जोराने पाती गरगर फिरू दिली तर बेअरिंग खराब होतं म्हणे. आधी तो गप्प पंखा लावून बघितला. सगळं घर खूश! पण दीड तासाने डब्यावर हात ठेवला तर चांगलाच गरम, आणि रेघ पुन्हा सरकायला लागलेली. तो काढला, दुसरा लावला. पंख्याच्या कडेवर बाण असतो, हवा कुठल्या दिशेने जाणार ते सांगणारा. तो जुन्यासारखाच ठेवला. उलटा लागला तर गरम हवा आतच फिरत राहते. चारही स्क्रूंच्या खाली रबराचे तुकडे घातले, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला लागत नाही. पत्रा थरथरला की तोच ढोलासारखा वाजतो. शेवटी डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

सुरू केला. आवाज आला, नाही असं नाही. पण कसा? कपाटातल्या मधमाश्यांसारखा, मंद गुंजन. सासूबाई जपमाळ घेऊन शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. दहा मिनिटांनी आत येऊन म्हणाल्या, "चालू केलास का गं?" त्यांना कळलंच नव्हतं. जावईबापू रात्रपाळी करून आले आणि दुपारपर्यंत गाढ झोपले.

म्हणजे बघा, सासूबाईंची झोप आणि सुनेचं काम, या दोन्हींत भांडण नव्हतंच. भांडण होतं ते एका झिजलेल्या बेअरिंगचं. ते बदललं आणि दोघींचं साधलं.

मी मूळची दौंडचीच. वडील रेल्वेत होते. दौंड जंक्शनवर लहानपणी पाहिलेलं एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. गाडी येऊन उभी राहिली की एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेने चालायचा आणि प्रत्येक चाकावर ठोका मारायचा. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. मी वडिलांना विचारलं होतं, हा चाकांना का मारतो? ते म्हणाले होते, "मारत नाही, विचारतो. चाक धड असेल तर खणखणीत बोलतं. तडा असेल तर बद्द बोलतं." त्या वेळी गंमत वाटली होती. आज कळतं, आवाज हा त्रास नसतो, तो निरोप असतो. त्या माणसाने आवाज नको म्हणून हातोडा टाकून दिला असता, तर?

आपण बायका मात्र आवाज दाबण्यात पटाईत. यंत्राचा आणि स्वतःचाही. गुडघा बोलतो, तेल चोळतो. पाठ बोलते, गोळी घेतो. अंगावरून जास्त जातं, कुणाला सांगत नाही. 'दुखणं अंगावर काढणं' हा वाक्प्रचार कुणासाठी जन्माला आला, ते मी सांगायला नको. आमच्या गटाच्या तपासणी शिबिरात बाई येते ती बहुतेक वेळा वायर काढून ठेवलेली असते. म्हणजे तक्रार बंद झालेली असते, बिघाड नाही. त्या बाईला मी आता भाचीच्या पंख्याची गोष्ट सांगते. तिला ती पटकन कळते.

पण आज मला जास्त बोलायचंय ते बाईच्या अवजारांबद्दल. घरातल्या पुरुषाचा ट्रॅक्टर बिघडला तर त्याच दिवशी मेकॅनिक येतो, कारण त्यावर घर चालतं हे सगळ्यांना मान्य आहे. बाईचं शिवणयंत्र कडकड करतं, पिठाची गिरणी खडखडते, सीआरओचा पंखा ओरडतो, तेव्हा 'बघू पुढच्या महिन्यात'. कारण तिचं काम अजून 'फावल्या वेळचं' समजलं जातं. आणि हे समजणाऱ्यांत आपण स्वतःही आहोत. भाचीने स्वतःच तो पंखा तीन महिने टाळला ना? बाळाच्या औषधाला, सासूबाईंच्या चष्म्याला पैसे निघाले, स्वतःच्या यंत्राला निघाले नाहीत.

बचत गटांमध्ये वीस वर्षं काम करताना मीही हीच चूक केली. आम्ही कर्ज दिलं ते यंत्र घ्यायला. ते यंत्र वर्षाने साफ करायचं, त्याचा पट्टा, बेअरिंग, पंखा बदलायचा, याला पैसे लागतात हे आम्ही कधी धरलंच नाही. परवाच्या बैठकीत मी मांडलं की ज्या बाईने यंत्रासाठी कर्ज घेतलंय, तिने हप्त्याबरोबर महिन्याला पन्नास रुपये 'यंत्राचे' म्हणून वेगळे टाकायचे आणि ते दुसऱ्या कशालाही काढायचे नाहीत. एकजण म्हणाली, "लेकराच्या आजारपणालाही नाही?" मी म्हटलं, "नाही. त्याला गटाचं तातडीचं कर्ज आहे." कुजबुज झाली, पण ठराव झाला.

दुसरं, मुलींना झाकण उघडायला शिकवा. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाहिलंय, यंत्रं कपाटात बंद असतात, मुली वही घेऊन लांब उभ्या आणि एखादा मुलगा बटणं फिरवतोय. मुलीने हात लावला की 'बिघडवशील'. अहो, बिघडल्याशिवाय दुरुस्त करायला कुठून शिकणार? बंद पडलेलं एखादं जुनं यंत्र मुलींपुढे ठेवा, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांना ते खोलू द्या. पंखा काढणं-लावणं हा तर पहिला धडा व्हावा. काम चार स्क्रूंचं आणि दोन वायरींचं, पण त्यात व्होल्ट आहे, अँपिअर आहे, हवेची दिशा आहे, वाचन आहे आणि धीर धरणंही आहे.

तिसरं, टाकून देण्याची घाई नको. 'दुरुस्तीचा हक्क' आता सरकारनेही मान्य केलाय. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी म्हणून एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातली उपकरणं, वाहनं असे त्यात विभाग आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियमही १ एप्रिल २०२३ पासून आले. हक्क कागदावर आला, चांगलं झालं. पण गावात दुरुस्त करणारे हात नसतील तर तो हक्क घेऊन करायचं काय? ते हात आपल्या मुलींचे का नसावेत? कारखान्यात यंत्र जोडणाऱ्या मुली रांजणगावला शेकड्यांनी आहेत. जोडता येतं तिला खोलताही येईल, फक्त संधी द्या.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठे सीआरओ? नाही, पण स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीच्या पोटात असाच पंखा आहे. शेगडी बंद केल्यावरही बऱ्याच शेगड्यांत तो मिनिटभर फिरत राहतो. आपण लगेच भिंतीवरचं बटण बंद करतो, आतली उष्णता आतच राहते. तो थांबेपर्यंत थांबा. शेगडीखाली प्लास्टिक किंवा टेबलक्लॉथ घालू नका, हवा खालूनच आत जाते. इन्व्हर्टर कोनाड्यात कोंडू नका. सेट-टॉप बॉक्सवर रुमाल नको. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागची धूळ महिन्याने झाडा, पण आधी प्लग काढा. आणि कुठल्याही यंत्राचा नेहमीचा आवाज कानात ठेवा. तो बदलला की समजा, निरोप आलाय. आतमध्ये हात मात्र जाणकारानेच घालावा. आपलं काम वेळेवर ऐकण्याचं.

भाचीचं काम परत सुरू झालंय. ते चिडलेलं गिऱ्हाईक? तिने त्याचं कार्ड पुन्हा फुकट दुरुस्त करून दिलं आणि चूक कशी झाली हेही सांगितलं. गेल्या आठवड्यात त्याने शेजाऱ्याचा इन्व्हर्टर पाठवला. तोंडाने काही बोलला नाही, पण पाठवला.

माझं क्रोशाचं झाकण तिने परत केलं नाही. धुऊन, इस्त्री करून रेडिओवर घातलंय. रेडिओ बंदच असतो, असं आवर्जून सांगितलं मला!

तुमच्या घरात सध्या काय ओरडतंय? की कुणी वायर काढून ठेवलीय? एकदा कान देऊन बघा.